बातमी आस्माराची, वाद स्टॉकहोमात : परदेशी राहणाऱ्या एरिट्रियन लोकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या शहरांत राहणाऱ्या मराठी माणसाची एरिट्रियन लोकांशी कधी ना कधी ओळख होतेच. कुणाचा शेजारी, कुणाच्या वॉर्डातली नर्स, कुणाच्या मार्गावरचा बसचालक. मी स्टॉकहोमला राहते. दिवाळीच्या फराळाला चार मराठी घरं जमली की माझ्या एरिट्रियन मित्रमैत्रिणींबद्दल तेच ते प्रश्न निघतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. विषय एवढाच, की देश सोडून आलेला माणूस त्या देशाची बातमी कुठून मिळवतो, तिच्यावर कितपत विश्वास ठेवतो आणि तिच्यावरून कुणाकुणाशी अबोला धरतो.

एरिट्रिया आहे कुठे?

लाल समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर. समोर येमेन आणि सौदी अरेबिया, पाठीशी सुदान आणि इथिओपिया, दक्षिणेला जिबूती. १८९० पासून इटलीची वसाहत. १९४१ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात. १९५२ मध्ये इथिओपियाशी संघराज्य झालं आणि १९६२ मध्ये इथिओपियाने ते मोडून एरिट्रियाला आपला एक प्रांत करून टाकलं. १९६१ ते १९९१ अशी तीस वर्षं स्वातंत्र्याची लढाई चालली. एप्रिल १९९३ मध्ये सार्वमत झालं, ९९ टक्क्यांहून जास्त कौल स्वातंत्र्याला मिळाला. त्या सार्वमतात परदेशी राहणाऱ्यांनीही मतं दिली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यानंतर राष्ट्रीय निवडणूक झालेलीच नाही. १९९७ मध्ये मंजूर केलेली राज्यघटना कधी लागू झाली नाही. १९९३ मध्ये अध्यक्ष झालेले इसायास अफवेर्की आजही अध्यक्ष आहेत. लोकसंख्या विचाराल तर स्वातंत्र्यानंतर जनगणना झालेली नाही. अंदाज ३५ लाखांपासून ६० लाखांच्या पुढपर्यंत जातात.

जंजिऱ्याच्या सिद्दींचा यांच्याशी संबंध आहे का?

लांबचा आहे. आपल्याकडे ज्यांना हबशी म्हणत, ते मुख्यतः आफ्रिकेच्या याच कोपऱ्यातून आणि आसपासच्या प्रदेशातून आलेले लोक. मलिक अंबर आजच्या इथिओपियातला. एरिट्रियाच्या पठारावरचे लोक आजही स्वतःला हबेशा म्हणवतात. मात्र या धाग्यावरून कुणाशी मैत्री होईल अशी आशा ठेवू नका. समोरच्याला बहुधा मलिक अंबर माहीत नसतो, आणि आपल्याला त्यांचं मस्सावा बंदर माहीत नसतं. भारतीय शिक्षक मात्र पुष्कळांना आठवतात. तिथल्या महाविद्यालयांत भारतातून गेलेले प्राध्यापक बरेच होते, त्यामुळे आपला इंग्रजी उच्चार त्यांना ओळखीचा वाटतो.

इतके लोक देश का सोडतात? गरिबीमुळे?

गरिबी आहेच, पण मुख्य कारण राष्ट्रीय सेवा. १९९५ च्या कायद्याने प्रत्येकाला अठरा महिने सेवा सक्तीची झाली. मे १९९८ ते जून २००० या काळात बादमे गावाच्या सीमेवरून इथिओपियाशी युद्ध झालं आणि त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत नुसती कागदावर राहिली. बारावीचं वर्ष सावा नावाच्या लष्करी छावणीत काढायचं, मग सरकार नेमेल तिथे काम करायचं. सैन्यात, शेतावर, रस्त्यावर, शाळेत शिक्षक म्हणून. हातखर्चापुरत्या पगारावर, किती वर्षं ते न सांगता. चाळिशी ओलांडली तरी सेवेत असलेली माणसं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबात देशाबाहेर पाच लाखांहून जास्त एरिट्रियन निर्वासित आहेत. लोकसंख्येचा आकडा वर दिलाच आहे, प्रमाण तुम्हीच काढा.

तिथे वर्तमानपत्रं नाहीत का?

आहेत, सरकारची. तिग्रिन्या भाषेतलं ‘हद्दास एर्त्रा’, सरकारी दूरचित्रवाणी एरि-टीव्ही, आणि ‘दिम्त्सी हफाश’ ही नभोवाणी, जी लढाईच्या काळात, १९७९ मध्ये, बंडखोरांनी सुरू केली होती.

खाजगी वर्तमानपत्रंही होती. १९९० च्या दशकाच्या शेवटी राजधानी आस्मारात साप्ताहिकांची लाटच आली होती. मे २००१ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या पंधरा ज्येष्ठ नेत्यांनी अध्यक्षांवर टीका करणारं खुलं पत्र काढलं आणि या साप्ताहिकांनी ते उचलून धरलं. १८ सप्टेंबर २००१ ला सरकारने सगळी खाजगी वर्तमानपत्रं बंद केली. त्या पंधरांपैकी अकरा जण पकडले गेले, पाठोपाठ संपादक आणि वार्ताहर. जगाचं लक्ष तेव्हा आठवडाभरापूर्वी न्यूयॉर्कमध्ये कोसळलेल्या मनोऱ्यांकडे होतं. पकडलेल्यांवर आजवर खटला चाललेला नाही.

त्यांच्यातला दावित इसाक स्वीडिश नागरिक आहे, ‘सेतित’ वर्तमानपत्राचा सहमालक. २००५ मध्ये त्याला दोन दिवस सोडलं आणि पुन्हा उचललं. स्वीडनमध्ये त्याचं नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. २०२४ आणि २०२५ च्या जागतिक वृत्तस्वातंत्र्य यादीत १८० देशांत एरिट्रिया १८० वा आहे.

मग घरची बातमी यांना कळते कशी?

हा खरा प्रश्न.

घरी फोन लागतो, पण फोनवर कुणी मोकळं बोलत नाही. पाऊस कसा झाला, आजी कशी आहे, एवढंच. सिमकार्ड सरकारी कंपनीचं, तेही परवानगी काढून. मोबाइलवर इंटरनेट नाही, आणि सायबर कॅफेत बसलेला माणूस इकडेतिकडे बघत टाइप करतो. म्हणून बातमी येते ती माणसाबरोबर. लग्नाला जाऊन आलेली मावशी, नुकताच सुदानात पोहोचलेला चुलतभाऊ, नातवंडं बघायला व्हिसा काढून आलेले आईवडील. असा माणूस आला की संध्याकाळी घर भरतं. तांदूळ, साखर, वीज, कुणाला उचललं, कोण सुटलं, कोणाचा मुलगा कुठल्या तुकडीत आहे: सगळं विचारून घेतात. एकाने सांगितलेलं दुसऱ्याच्या मावशीशी ताडून बघतात. दोन जुळली की ती बातमी, नाही तर अफवा. पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात ते काम स्वयंपाकघरात चालतं.

दुसरी वाट परदेशात उभ्या राहिलेल्या माध्यमांची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एरिट्रियन लोकांनी ‘देहाई’ नावाने ई-मेलवर चर्चा सुरू केली. तेव्हा भारतात सामान्य माणसाकडे ई-मेलसुद्धा नव्हता. २००९ मध्ये पॅरिसहून ‘रेडिओ एरेना’ सुरू झाला. तो सुरू करणारा बिनियाम सिमोन आधी एरि-टीव्हीवरचा पत्रकार. उपग्रहावरून हे कार्यक्रम उलट देशातही ऐकू जातात. आस्मारातल्या माणसाला शेजारच्या गल्लीत काय झालं ते पॅरिसकडून कळतं, असा प्रकार.

एक प्रसंग सांगते. २१ जानेवारी २०१३ ला काही सैनिकांनी आस्मारातल्या ‘फोर्तो’ टेकडीवरची माहिती मंत्रालयाची इमारत ताब्यात घेतली आणि एरि-टीव्हीच्या संचालकाला निवेदन वाचायला लावलं: राजकीय कैदी सोडा, १९९७ ची घटना लागू करा. चार वाक्यं झाली नाहीत तोच प्रक्षेपण तुटलं. शहरात काय चाललंय हे शहरातल्या लोकांना कळत नव्हतं, आणि बाहेर मात्र लंडन, रोम, स्टॉकहोमला फोनवर फोन. प्रक्षेपण तुटलं हीच बातमी होती, आणि ती बघणारे निम्मे लोक देशाबाहेर होते. दिवस मावळेपर्यंत बंड संपलं. त्या आठवड्यात लंडनच्या वकिलातीत निदर्शक घुसले.

ऑक्टोबर २०१७ च्या शेवटच्या दिवशीही तसंच. आस्मारातल्या अखरिया भागातल्या एका मुस्लिम शाळेवर सरकारने नियंत्रण आणायचं ठरवलं, शाळेचे नव्वदी पार केलेले अध्यक्ष हाजी मूसा मोहम्मद नूर यांना अटक झाली, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबाराचा आवाज असलेली चित्रफीत बाहेर पोहोचली. सरकारी माध्यमांच्या भरवशावर बसलेल्याला हे घडलं हेच कळलं नसतं. हाजी मूसा मार्च २०१८ मध्ये कैदेतच वारले.

बाहेरून आत काही पाठवता येतं का, की फक्त ऐकायचं?

पाठवतात. २०११ मध्ये परदेशी तरुणांनी ‘अर्बी हर्नेत’, म्हणजे स्वातंत्र्याचा शुक्रवार, सुरू केला. आस्मारातले नंबर गोळा करून ध्वनिमुद्रित निरोप लावायचे: शुक्रवारी संध्याकाळी घराबाहेर पडू नका, रस्ते रिकामे ठेवा. मोर्चा काढला तर गोळी. घरी बसणाऱ्याला कोणत्या कलमाखाली पकडणार? याचा परिणाम किती झाला हे मोजणं अवघड. कल्पना मात्र मला विलक्षण हुशार वाटते.

एकाच घरात काका सरकारचे आणि पुतण्या विरोधात, असं का?

कोण कधी बाहेर पडलं ते विचारा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

१९७० आणि ८० च्या दशकांत जे आले ते इथिओपियाच्या बॉम्बवर्षावातून आले. त्यांनी जर्मनीतल्या कारखान्यांत, इटलीतल्या श्रीमंतांच्या घरी मोलकरणी म्हणून काम केलं आणि पगारातून मुक्तिसेनेला पैसे पाठवले. १९७४ ते १९९१ दरवर्षी उन्हाळ्यात इटलीतल्या बोलोन्या शहरात त्यांचा मेळावा भरायचा. गाणी, नाच, भाषणं, वर्गणी. बायका अंगावरचं सोनं काढून देत. २४ मे १९९१ ला मुक्तिसेना आस्मारात शिरली तेव्हा त्यात यांचा वाटा होता आणि १९९३ च्या सार्वमतात यांचं मतही. या माणसाला मुक्तिसेनेचे नेते राहिलेले इसायास चुकले असं म्हणणं म्हणजे आपली सगळी जवानी चुकली म्हणण्यासारखं वाटतं. तो एरि-टीव्ही लावतो, अध्यक्षांच्या तासन्‌तास चालणाऱ्या मुलाखती शेवटपर्यंत बघतो आणि जगाने आपल्या छोट्या देशावर अन्याय केला असं मानतो. आणि ते मानायला त्याच्याकडे सबळ कारणही आहे: एप्रिल २००२ मध्ये युद्धानंतर नेमलेल्या सीमा आयोगाने बादमे एरिट्रियाला दिलं, इथिओपियाने ते वर्षानुवर्षं सोडलं नाही आणि कुणीही काही केलं नाही.

पुतण्या २००५ नंतर निघालेला. त्याने सावा पाहिलं, सीमा रात्री ओलांडली, कदाचित लिबियातल्या कोठडीत महिने काढले. काका ज्याला राष्ट्रबांधणी म्हणतो त्याला पुतण्या वेठबिगारी म्हणतो. दोघांचं घर एकच, जेवणाची परातही एकच, पण टीव्हीचा रिमोट कुणाच्या हाती यावरून भांडण.

याच्या मध्ये तिसरे लोक आहेत, आणि संख्येने तेच जास्त असावेत असं मला वाटतं: जे काहीच बोलत नाहीत, कारण आई अजून तिकडे आहे.

दोन टक्के कराची काय भानगड?

परदेशी राहणाऱ्या प्रत्येक एरिट्रियनाने उत्पन्नाच्या दोन टक्के रक्कम सरकारला द्यायची, असा नियम १९९० च्या दशकापासून आहे. देशाच्या पुनर्बांधणीसाठी म्हणून सुरू झाला. पुष्कळ जुने लोक तो आनंदाने भरतात. न भरणाऱ्याला वकिलातीत कामं अडतात: पासपोर्ट, वारसाहक्काची कागदपत्रं, घर बांधायची परवानगी, कधी मृतदेह गावी नेऊन पुरणं. पळून आलेल्याला आणखी एका कागदावर सही करावी लागते. राष्ट्रीय सेवा पुरी न केल्याचा मला पश्चात्ताप आहे आणि पुढे मिळेल ती शिक्षा मान्य आहे, अशा आशयाच्या.

डिसेंबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने या वसुलीच्या पद्धतींवर बोट ठेवलं. कॅनडाने २०१३ मध्ये टोरांटोतल्या एरिट्रियन वाणिज्यदूताला देश सोडायला लावला, नेदरलँड्सने जानेवारी २०१८ मध्ये हेगमधल्या दूतावासप्रमुखाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की पासपोर्टसाठी असं पश्चात्तापपत्र लिहायची सक्ती कुणावर करता येणार नाही.

२०२३ मध्ये मेळाव्यांवरून दंगली झाल्या त्या याच भांडणातून का?

याच. बोलोन्याची परंपरा सरकार-समर्थकांनी पुढे चालू ठेवली आणि विरोधकांनी ती उधळायची ठरवलं. जुलै २०२३ मध्ये जर्मनीत गीसन, ऑगस्टमध्ये स्टॉकहोम, सप्टेंबरमध्ये तेल अवीव आणि श्टुटगार्ट. गीसनला वीसहून जास्त पोलीस जखमी झाले, स्टॉकहोमला पन्नासहून जास्त लोक, तेल अवीवला शंभरावर, तिथे पोलिसांनी गोळ्याही झाडल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेगला पोलिसांच्या गाड्या जळाल्या.

फोटोत झेंडे बघा म्हणजे कोण कुठला ते कळतं. लाल त्रिकोणाचा, हिरव्या-निळ्या पट्ट्यांचा तो सरकारी. फिकट निळा, मध्ये ऑलिव्हच्या फांद्या, तो १९५२ चा, संघराज्याच्या काळातला. विरोधकांनी तो पुन्हा हातात घेतला आहे.

वाद घालणं समजतं, दगड आणि काठ्या मला पटत नाहीत. इथल्या वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी जे लिहिलं तेही पटलं नाही. ‘आफ्रिकेतली भांडणं इथे कशाला’ असा सूर होता. पण ज्याच्या गावात सभा घ्यायला जागा नाही त्याने सभा कुठे घ्यायची? आणि तो कर तर याच शहरांत गोळा होत होता.

२०१८ मध्ये शांतता झाली होती ना? मग आनंद टिकला का नाही?

जुलै २०१८ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान अबिय अहमद आस्मारात उतरले, त्यांनी आणि इसायास यांनी मिठी मारली. दोन देशांमधले फोन वीस वर्षांनी जुळले आणि लोक अनोळखी नंबर फिरवून ‘तुम्ही कसे आहात’ असं विचारत होते. सप्टेंबरात सीमा उघडली. इकडे काका आणि पुतण्या दोघेही रडले, प्रत्येकाला वाटलं आपलंच खरं झालं. आता राष्ट्रीय सेवा संपेल असा पुतण्याचा हिशेब होता. ती संपली नाही. सीमेची फाटकं काही महिन्यांत एकेक करून बंद झाली.

नोव्हेंबर २०२० मध्ये इथिओपियाच्या तिग्राय प्रांतात युद्ध पेटलं. एरिट्रियन सैन्य तिथे आहे हे दोन्ही सरकारं नाकारत राहिली. मार्च २०२१ मध्ये अबिय यांनी ते कबूल केलं. परदेशी एरिट्रियनांना ते आधीपासून कळलं होतं, कारण घरच्या फोनवर ‘तो कामावर गेलाय, दूर’ असं उत्तर येऊ लागलं होतं. या युद्धाने मैत्री फार तुटली. तिग्रायी आणि पठारी एरिट्रियन लोकांची भाषा एक, चर्चची परंपरा एक, पुष्कळांची आजोळं सीमेपलीकडे. २०२० पूर्वी एकाच उपाहारगृहात जेवणारे लोक वेगवेगळ्या उपाहारगृहांत जाऊ लागले. हे युद्ध थांबवणाऱ्या नोव्हेंबर २०२२ च्या प्रिटोरिया करारात एरिट्रिया नव्हता. ऑक्टोबर २०२३ पासून अबिय लाल समुद्रावर हक्काची वाट हवी असं जाहीर बोलू लागले, तेव्हा एरिट्रियातल्या असब बंदराचं नाव पुन्हा प्रत्येक घरात निघालं.

लॅम्पेदूसाचं काय झालं होतं?

३ ऑक्टोबर २०१३ ला या इटालियन बेटाजवळ बोट बुडाली. ३६० हून अधिक माणसं गेली, बहुतेक एरिट्रियन. नावांची यादी सरकारने दिली नाही. ती नातेवाइकांनी जोडली, एकमेकांना फोटो पाठवून.

त्याच्या आधीची काही वर्षं सिनाईच्या वाळवंटात अपहरणाचा धंदा चालला होता. पळून जाणाऱ्यांना धरायचं, छळ करताना घरच्यांना फोन लावायचा, तीस-चाळीस हजार डॉलर मागायचे. स्टॉकहोममधली पत्रकार मेरॉन एस्तेफानोस हे फोन रेडिओवरून ऐकवायची. चर्चमध्ये वर्गणी गोळा व्हायची. हे ऐकणाऱ्या पिढीला फोनची घंटा वाजली की आजही दचकायला होतं. मी ते पाहिलेलं आहे.

राजकारण सोडून काही आहे की नाही?

आहे की. सायकल! हे इटालियनांनी आणलेलं वेड, आता पूर्ण त्यांचं. बिनियाम गिर्माय आस्मारातला. २०२४ च्या तूर द फ्रान्समध्ये त्याने तीन टप्पे जिंकले आणि गुणांत पहिल्या आलेल्याला मिळते ती हिरवी जर्सी मिळवली. त्या शर्यतीतला टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. रस्त्याकडेला दोन्ही झेंडे फडकत होते आणि कुणी कुणाला मारलं नाही.

फुटबॉलचं दुर्दैव वेगळं. संघ बाहेर खेळायला गेला की खेळाडू परतत नाहीत. २००९ मध्ये केनियात बारा जण राहिले.

त्यांच्या घरी कॉफीला बोलावलंय. काय अपेक्षा ठेवू?

वेळ. किमान दीड-दोन तास. हिरव्या बिया तुमच्यासमोर भाजतील, धूर नाकाशी आणतील, हाताने वास ओढून घ्यायचा. मग कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतील, बहुतेकदा आलं घालून. कप लहान, साखर भरपूर. सोबत पॉपकॉर्न किंवा हिंबाशा नावाची गोडसर जाड भाकरी. तीन फेऱ्या होतात: अवेल, कलाय, बेरेका. तिसरी आशीर्वादाची, तेव्हा पहिल्या फेरीनंतर उठू नका. जेवायलाही असलं तर उपवास आहे का विचारा. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवासाचे दिवस इतके असतात की शाकाहारी मराठी माणसाची चंगळ होते. एका थाळ्यातून सगळे जेवतात. घरची बाई तुमच्या तोंडात घास भरवेल, तो नाकारायचा नसतो.

चर्चमध्ये तरी सगळे एकत्र असतात का?

नाही. २००६ मध्ये सरकारने ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख अबूने अंतोनियोस यांना पदावरून हटवून नजरकैदेत टाकलं. ते फेब्रुवारी २०२२ मध्ये वारले. परदेशातले भाविक त्यावरून फुटले, त्यामुळे एकाच शहरात दोन चर्चं दिसली तर चकित होऊ नका.

नाव कसं घ्यायचं? आडनाव कुठलं?

आडनाव नसतं. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं. त्यामुळे अध्यक्षांना ‘इसायास’ म्हणतात. ‘अफवेर्की’ म्हटलं तर तुम्ही त्यांच्या वडिलांबद्दल बोलताय. सायकलपटूचं नाव बिनियाम.

ओळख झाल्यावर लगेच काय विचारू नये?

‘कसे आलात?’ हे विचारू नका. रस्त्याची गोष्ट ज्याला सांगायची तो सांगतो. ‘तुमचं सरकार वाईट आहे ना?’ हेही नको. समोर काका आहे की पुतण्या हे तुम्हाला माहीत नसतं. आणि ‘तुम्ही इथिओपियन का?’ हे तर मुळीच नको. गावाचं नाव विचारा. आस्मारा, केरेन, मेंदेफेरा, मस्सावा. केरेनचा असेल तर सोमवारच्या उंटांच्या बाजाराबद्दल विचारा, मग दुसऱ्या कपापर्यंत तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.